शंभरातल्या तीस

मांडवगण फराटा, ता. शिरूर
रविवार, १२ जानेवारी २०२५

हर्षदा,

वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. लिहिला होता, मग खोडला. सहा वर्षांत एकदाही दिला नाही, तो आज कामापुरता द्यायची लाज वाटली. कागदावर निळा डाग दिसतोय तो त्याचाच.

पत्र फाडायचं तर खुशाल फाड, पण वाचून फाड. मला तुझी दया नको. नदीच्या पलीकडं दौंडात तू तुझ्या संसारात आहेस, तशीच राहा. पण ही बातमी दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळली तर मीठमसाला लावून कळेल, म्हणून मीच लिहिते.

मला कॅन्सर झालाय. अंडाशयाचा. गावात "पिशवीचा" म्हणतात, कारण बाईच्या पोटात एक पिशवी असते यापलीकडं गावाला काही माहीत नाही. गेल्या पाडव्यापासून पोट गच्च वाटायचं. अर्धी भाकरी खाल्ली की भरल्यासारखं व्हायचं, सारखी लघवीला धाव. शिरूरच्या एका डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग गॅसच्या, मग जंताच्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दिवाळीत साडीच्या निऱ्या पोटावर बसेनात तेव्हा कुठं सोनोग्राफी झाली, आणि तिथून पुण्याला रवानगी. तिथं पोटातून अडीच लिटर पाणी काढलं. पिवळट, फेसाळ. उसाच्या रसाच्या गाडीकडं मला अजून बघवत नाही.

तिसरी स्टेज आहे म्हणाल्या. आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग परत तीन केमो. सरकारी योजनेत बसतं, तेव्हा पैशाचा प्रश्न नाही. डॉक्टरीणबाई हे सगळं नीट सांगत होत्या तेवढ्यात जयसिंगनं हात वर करून त्यांना थांबवलं. तुझा भाऊ आता सोसायटीचा व्हाइस चेअरमन आहे. कुणालाही मध्येच थांबवायची त्याला सवय झालीय.

"मॅडम, ते राहू द्या. टक्के सांगा."

बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "या स्टेजला शंभरातल्या साधारण तीस बायका पाच वर्षांनंतर हयात असतात. पण हा आकडा कसा वाचायचा ते..."

कसा वाचायचा ते ऐकायला तो थांबलाच नाही. "तीस," म्हणाला, आणि फाईल उचलून बाहेर गेला.

घरी आल्यावर हॉलमध्ये बैठक बसली. तुझे आप्पा, भावकीतले हरिबानाना, त्यांचा मुलगा स्वराज आणि जयसिंग. जयसिंगची बायको प्रतिभा चहा नेत होती. मी स्वयंपाकघरात होते. मध्ये एक पडदा. मला यातलं काही कळत नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं, म्हणून आवाज बारीक करायचीही कुणाला गरज वाटली नाही.

जयसिंग म्हणाला, "नाना, पासिंगला पस्तीस लागत्यात. हितं तीस पडलेत. म्हंजी नापासच की."

"ग्रेस मार्क न्हाई का मिळत, दादा?" स्वराज म्हणाला आणि हसला. हर्षदा, दुसरंही कुणीतरी हसलं. कोण ते मला कळलं, पण लिहीत नाही.

 मग तुझे आप्पा जे बोलले ते ऐकून मला रडावं का कपाळ बडवावं कळेना. "आरं पर पाच वर्सं तर दिल्यात की डॉक्टरनं. पाच वर्सं काय कमी हायती व्हय? मग कशाला तिला सुया टोचायच्या?"

म्हणजे एकाच्या हिशोबानं मी नापास, म्हणून औषध नको. दुसऱ्याच्या हिशोबानं मला पाच वर्षांची ग्यारंटी, म्हणूनही औषध नको. दोघांचं एकमेकांशी जुळत नाही हेसुद्धा कुणाच्या ध्यानात आलं नाही. हरिबानाना म्हणाले, "जाणाऱ्याला सुखानं जाऊ द्यावं." स्वतःच्या गुडघ्यासाठी हा माणूस चार वेळा पुण्याला जाऊन आलाय. ठरलं. केमो नको, कुठल्याशा काढेवाल्याचा काढा सुरू करायचा, आणि बाईला यातलं काही कळू द्यायचं नाही. फाईल जयसिंगच्या कपाटात गेली.

बत्तीस वर्षं या गावच्या अंगणवाडीत सेविका आहे मी. या बैठकीतल्या दोघांना मी खाऊ भरवलाय, शेंबूड पुसलाय. त्यांनी माझा निकाल लावला आणि पडद्याआड येऊन एकानंही विचारलं नाही, की बाई, तुझं काय म्हणणं आहे. मला त्यांची किळस आली. पोटच्या पोराचीसुद्धा आली, हे लिहिताना हात थांबत नाही, याचंच नवल वाटतंय.

एवढंच कळवायचं होतं. पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. गावच्या पोस्टात टाकलं तर आधी जयसिंगला खबर जाईल, म्हणून आपल्या गावची आशा सेविका मोनिका शिरूरला मीटिंगला जाताना टाकणार आहे. उत्तर द्यावंसं वाटलंच तर तिच्या नावानं दे.

सिंधू


रविवार, २६ जानेवारी

हर्षदा,

उत्तर नाही. बरोबर आहे. मीही दिलं नसतं.

आज अंगणवाडीत झेंडावंदन झालं. मी रजेवर, म्हणून मदतनीस भामाबाईंनी केलं. मी घरी पलंगावर बसून माणसं झेलतेय. रोज कुणी ना कुणी बघायला येतं. हातात केळी. टोपलीत केळी काळी पडून घरभर त्यांचा वास सुटलाय आणि मला आधीच अन्न नको झालंय. बायका दारात चपला काढता काढता तोंड उतरवतात आणि मगच आत येतात. काल शेजारची कस्तुराबाई आली. माझ्यासमोर बसून माझ्या डोक्यावरून प्रतिभाला म्हणते, "पार उतरल्या गं बाई." मग आवाज खाली आणून, "किती टक्के हाय म्हन्ली?"

दहावीचा निकाल लागल्यावर विचारतात तसं. किती पडले? प्रतिभानं सांगितलं, तीस. कस्तुराबाईनं जीभ टाळ्याला लावून च्‌ केलं आणि दुसरा कप चहा घेतला.

प्रतिभानं माझ्या पेल्याला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलाय, चुकून दुसऱ्या कुणी त्यातून पिऊ नये म्हणून. हा आजार पेल्यातून पसरत नाही हे मी तिला दोनदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. आता ती बाहेर गेली की मी घरातल्या सगळ्या पेल्यांनी एकेक घोट पाणी पिते. मुद्दाम. तेवढंच सुख राहिलंय. काढा शेणपाण्यासारखा दिसतो आणि वासही तसाच. तो न्हाणीत ओतते.

बुधवारी मी एक खोटं बोलले. शिरूरला ऑफिसात राहिलेले कागद द्यायचेत म्हणून निघाले, आणि मोनिकाला घेऊन थेट पुणं गाठलं. फाईल नव्हती, पण तिथं नंबर टाकला की सगळं त्यांच्या मशीनवर दिसतं. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. मी म्हटलं, "त्या दिवशी तुमचं वाक्य अर्धं राहिलं. ते पुरं करा."

त्या म्हणाल्या, "मावशी, हा आकडा मागच्यांचा आहे. आधी ज्यांना हा आजार झाला, त्या शंभरजणींचं काय झालं एवढंच तो सांगतो. त्यात सत्तरीच्या बायका आहेत, चाळिशीच्या आहेत, शुगर-बीपीवाल्या आहेत."

"आणि औषध अर्ध्यात सोडलेल्या?"

 "त्याही असतात."

"मग पाच वर्षं कशाला? पाचव्या वर्षी काय होतं?"

"काही होत नाही. ती आमची मोजायची जागा आहे."

हर्षदा, मला एका क्षणात कळलं. अंगणवाडीच्या वहीतून पोर सहाव्या वर्षी उतरतं. वहीतून जातं, जगातून नाही. पुढं ते शाळेत जातं, लग्न करतं, भांडतं, आमच्या वहीला त्याचा पत्ता नसतो. आपल्या हॉलमधल्या चार शहाण्यांना हे कळलं नाही, कारण त्यांनी जन्मात फक्त निकाल बघितलेत, वही कधी लिहिली नाही.

तुला मोनाली आठवते? वीस-बावीस वर्षांपूर्वी ती माझ्या वहीत चौथ्या श्रेणीत होती, म्हणजे कुपोषणाची शेवटची पायरी. कातडी नुसती लोंबायची. तेव्हाच्या सुपरवायझर म्हणाल्या होत्या, अशातलं वाचतं एखादं. मी दिवसातून चार वेळा तिच्या घरी जाऊन भरवायची. तुला घरी एकटं ठेवून जायची, म्हणून तू रुसायचीस. आज ती रांजणगावला कंपनीत आहे. गळ्यात कार्ड घालून बसची वाट बघत उभी असते आणि मला बघितलं की हात करते.

पण खोटा धीर मला नको आणि तुलाही देणार नाही. मोनालीच्याच पानावर आणखी दोन पोरं होती. त्यांनाही मी तेवढंच भरवलं होतं. ती गेली. डॉक्टरीणबाईही हेच म्हणाल्या, "तुम्हाला जास्त सांगून फसवणार नाही. सत्तरजणी गेल्यात हे खरंच आहे. बरा झाल्यावर आजार परतही येतो. तुम्ही तिसात का सत्तरात, ते आज मला माहीत नाही. केमोला गाठी किती दाद देतात आणि ऑपरेशनात सगळं निघतं का, यावर पुष्कळ आहे. पण घरी बसलात तर मात्र मला माहीत आहे."

हे ऐकून मला बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी माणसासारखं बोललं. तिथंच मी केमोची तारीख घेतली. गुरुवार, १३ फेब्रुवारी. आणखी उशीर नको म्हणाल्या, आधीच खूप झालाय.

आता तुझ्या कामाचं. बाईंनी माझ्या घराण्याची चौकशी केली. माझी आई एक्कावन्नाव्या वर्षी "पोटात पाणी होऊन" गेली. तू तिला बघितलं नाहीस. मावशी छातीच्या गाठीनं गेली. तेव्हा कुणी नावसुद्धा घेतलं नाही, देवीचं राहिलंय म्हणत गेल्या दोघी. बाई म्हणाल्या, हे रक्तातून आलेलं असू शकतं. आधी माझं रक्त तपासायचं. माझ्यात ती खोट निघाली तरच तुझं तपासायचं, आणि तुझ्यात निघाली तर वेळेत करता येण्यासारखं पुष्कळ आहे. पण सुरुवात माझ्या रक्तापासून. म्हणजे मी काढा पीत घरात मेले, तर तुझं उत्तरही माझ्याबरोबर जळून जाईल.

जयसिंगला हे सांगितलेलं नाही. त्याला टक्के हवे असतात.

सिंधू


मंगळवार, ४ फेब्रुवारी

हर्षदा,

शनिवारी सगळं फुटलं. दवाखान्यातून तारखेची आठवण करायला फोन आला आणि तो प्रतिभानं उचलला. जयसिंग सोसायटीतून तसाच आला.

"कुणाला इचारून तारीख घेतली?"

"मला विचारून," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय त्यातलं? तीस टक्के हायती आये, तीस! शेजारच्या गावातली ती बाई बघितली न्हाईस का, केस गेले, नुसती वकत व्हती, आन् शेवटी गेलीच की. मला न्हाई बघवायचं ते."

"मग बघू नको."

तो रडला, हर्षदा. एवढा मोठा गडी दाराच्या चौकटीला टेकून रडला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं थोडं. पण जास्त करून संतापच आला, की याला माझं मरण चालेल, फक्त ते याला बघावं लागू नये. मग डोळे पुसून म्हणाला, "नातेवाइकाची सही लागती तितं. मी न्हाई करायचो. आप्पाबी न्हाई करायचे. बघू कशी जातीस."

तुझे आप्पा मोबाइलवर भाव बघत होते. मान वर केली नाही.

दवाखान्यात खरंच एक नातेवाईक लागतो. सही करायला, आणि केमो लावल्यावर दिवसभर जवळ बसायला. मोनिका येईल, पण ती नात्यातली नाही. आणि उद्या गावात तिला लोकांनी कामावरून बोल लावले तर ते मला सहन व्हायचं नाही. नात्यातलं माझं कोण उरलं, ते दोन दिवस मोजत बसले. मोजायला दोन दिवस लागायचं खरं तर कारण नव्हतं.

तर आता लपवलेलं काढते. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.

तुझा पत्ता मला चार वर्षांपासून माहीत आहे. मुलगी झाली तेव्हा तू पत्र पाठवलं होतंस, सोबत तिच्या पायाचा शाईचा ठसा. पत्र जयसिंगच्या हाती लागलं नाही, माझ्याच लागलं. मी ते वाचलं, घडी केली आणि तांदळाच्या डब्याच्या तळाशी ठेवलं. उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल भावानं फाडलं. नाही. तुझ्या आईनं वाचून ठेवून दिलं.

आणि दुसरं. हे मी मोनिकालाही सांगितलेलं नाही.

तू शंभूशी लग्न केलंस तेव्हा गावात काय काय झालं ते तू ऐकलं असशीलच. आपल्यातला नाही, रेल्वेत कामाला, दौंडच्या चाळीत राहतो. भावकी दारात आली, तुझे आप्पा आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. सगळ्यांनी तोंडानं म्हटलं, आमची पोरगी मेली. म्हणतात लोक, रागात म्हणतात आणि वर्षा-दोन वर्षांनी विसरतात. पण तोंडाचं बोलणं हवेत जातं. मी वही लिहिणारी बाई.

एप्रिलात कुटुंब सर्वेक्षणाची वही भरायची असते. गावातलं प्रत्येक घर, प्रत्येक माणूस. आपल्या घराच्या पानावर चौथ्या ओळीला तुझं नाव होतं. लग्न होऊन गेलेल्या मुलीपुढं "स्थलांतरित" लिहायचं असतं. बत्तीस वर्षांत शेकडो पोरींपुढं मी ते लिहिलं. तुझ्यापुढं मी "मयत" लिहिलं. तारीख टाकली. शाईच्या पेनानं, चांगल्या अक्षरात. मग महिन्याच्या अहवालात पंधरा ते पंचेचाळीस वयोगटातली एक बाई कमी केली. सुपरवायझरनं न वाचता सही ठोकली. तो आकडा शिरूरला गेला, तिथून पुण्याला गेला, आणि जिल्ह्याच्या कुठल्यातरी टक्केवारीत तू मेलेली आहेस.

म्हणून मला त्या बैठकीची किळस येते तेव्हा माझीही येते. त्यांना आकडा वाचता आला नाही. मला येतो, आणि मी खोटा लिहिला. त्यांनी मला जिवंतपणी सत्तरात ढकललं. तुला ढकलताना मला तर शंभर बायकासुद्धा लागल्या नाहीत.

माफी मागत नाही. ती मागायची तोंड बघून, कागदावर नाही.

गुरुवारी १३ तारखेला पहाटेच निघून मी दौंडला येईन. सकाळच्या शटलनं पुण्याला जाईन. स्टेशनवर तिकीट खिडकीपाशी थांबते. आलीस तर सही होईल. नाही आलीस तर मी एकटीच जाऊन त्यांच्या पाया पडेन, आणि ते काय म्हणतील ते म्हणतील. मला भीती वाटते, हर्षदा. मरणाची कमी, त्या फॉर्मवरच्या रिकाम्या ओळीची जास्त.

आई
(तीन पत्रांत पहिल्यांदा लिहिलं. चालत नसेल तर खोड.)


दौंड
शनिवार, ८ फेब्रुवारी

आई,

तिन्ही पत्रं मिळाली. पहिली दोन शंभूनं वाचून दाखवली, मी हात लावला नव्हता. तिसरं मी वाचलं.

मेलेल्या बाईची सही त्यांच्याकडं चालते का, ते डॉक्टरांना विचारून ठेव.

शटल सहा चाळीसची आहे. खिडकीपाशी गर्दी असते, पाण्याच्या नळाजवळ थांब. डबा मी आणते. येताना केळी आणू नकोस.

हर्षदा


मांडवगण फराटा
गुरुवार, २० फेब्रुवारी

हर्षदा,

दोन दिवस तुझ्याकडं राहून आले, तरी पत्र लिहितेय. समोर बोलताच आलं नाही. पुण्यापर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतीस आणि मी तुझ्या बांगड्या मोजत होते. एकदाच बोललीस, "पाणी पी." मी प्यायले. तुझ्याच बाटलीतून. तू बाटलीचं तोंड पुसलं नाहीस, तशीच उरलेलं प्यायलीस, तेव्हा मला प्रतिभाचा लाल ठिपका आठवला आणि खिडकीच्या गजाला धरून मी जरा वेळ मान फिरवून बसले. तुला वाटलं मला मळमळतंय.

तो फॉर्म. नातेवाइकाचं नाव, नातं, सही. तू पेन हातात घेऊन बराच वेळ थांबलीस. समोरची सिस्टर म्हणाली, "लवकर करा ताई." मला वाटलं आता उठेल ही आणि जाईल, आणि बरोबर करेल. तू लिहिलंस, "हर्षदा. मुलगी."  सलाइन लावताना सुई तीनदा चुकली आणि तू ती टोचणाऱ्या पोराला झापलंस, तो आवाज हुबेहूब माझा होता.

एक कबूल करते. माझं रक्त घेतलं तेव्हा तू डॉक्टरीणबाईंना विचारलंस, "आईत निघालं, तर माझ्यात असायचे किती टक्के?" दीड महिना मी सगळ्या जगाला याच प्रश्नावरून शिव्या घालतेय. जयसिंगला, कस्तुराबाईला, सगळ्यांना. आणि तू विचारलंस तेव्हा मीच उशीवरून मान उचलली. बाई म्हणाल्या, निम्मे. पन्नास. आणि हर्षदा, माझ्या मनात आधी काय आलं सांगू? पस्तीसच्या वर आहेत, पास. लगेच उमगलं की हे पन्नास आजाराचे आहेत, हे जेवढे कमी तेवढं बरं. शेवटी जयसिंगचीच आई मी.

रिपोर्ट तीन-चार आठवड्यांनी येईल. तोवर विचार करू नकोस म्हणणार नाही, कारण तू करणार. तुझ्या मुलीचं वजन मात्र मी तुझ्या चाळीतल्या दुकानाच्या काट्यावर बघून आले. चौदा किलो शंभर ग्रॅम. चार वर्षांला थोडं कमी आहे. अंडं दे रोज. शंभूला सांग, हसू नको, मी बत्तीस वर्षं हेच केलंय. माणूस बरा आहे. मी ओकत होते तेव्हा बादली त्यानं धरली. माझ्या घरातल्या दोन पुरुषांनी मिळून ती धरली नसती.

इथलं म्हणशील तर कुणी बोलत नाही. तुझे आप्पा काल रात्रीचं जेवण झाल्यावर उगाच घुटमळत होते. मग म्हणाले, "दौंडात पाणी कसं हाय?" मी म्हटलं, "जाऊन बघा." उशीवर केस दिसायला लागलेत. जयसिंग माझ्याकडं बघत नाही. मी त्याला तसं सांगितलंच होतं. पण फाईल परवा त्यानंच माझ्या उशाशी आणून ठेवली. पुढची केमो सहा मार्चला आहे. पाच राहिल्यात, मध्ये ऑपरेशन. मी तिसात का सत्तरात, अजून कुणालाच माहीत नाही. पण आता जे होईल ते माझ्या नावावर मोजलं जाईल, त्यांच्या बैठकीच्या नाही.

आज सकाळी भामाबाईंकडून किल्ली घेतली आणि अंगणवाडीतली जुनी पेटी उघडली. २०१९ ची वही निघाली. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण आपलं पान शाबूत आहे. चौथी ओळ. "मयत" वर एक सरळ रेघ मारली. आमच्यात रबर आणि व्हाइटनर चालत नाही, जुनं अक्षर खालून दिसलंच पाहिजे. त्याच्यापुढं लिहिलं, "हयात. दौंड."

पण नियम असा आहे, की खाडाखोड केली तर तिच्यासमोर सही लागते, नाहीतर नोंद धरत नाहीत. सुपरवायझर मागच्या वेळेसारखी न वाचता करील. ती सही मला नको आहे.

वही घरी आणून ठेवलीय, माझ्या पलंगाखाली. रविवारी ये. मुलीला घेऊन ये, शंभूला घेऊन ये. नदीवरच्या पुलावरून ये, आडवाटेनं नको. दिवसाउजेडी ये, दारासमोर गाडी लाव आणि कस्तुराबाई ओट्यावर बसलेली असताना घरात शीर. पेन मी भरून ठेवते.

आई